आपत्तीचीं नांवें व शेतकऱ्यांचें हित

2025 सालच्या सप्टेंबर महिन्यांत, भाद्रपद सरतां सरतां व पुढें ऐन नवरात्रांत, बीड जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला त्याची आठवण आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. ज्यांचें सोयाबीन उभ्या जागीं कुजलें, ज्यांची कपाशी काळवंडली, सिंदफणेच्या व गोदावरीच्या कांठीं ज्यांच्या शेतांतील माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला, त्यांस ती आठवण आम्हीं काय करून द्यावी? आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या दिवसांत गांवोगांव ऐकूं आलेल्या दोन शब्दांविषयीं. ते शब्द म्हणजे ‘ओला दुष्काळ’. शेतकरी म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं उत्तर दिलें कीं, अशी संज्ञा नियमांत नाहीं. मात्र दुष्काळाच्या वेळीं ज्या सवलती देतात त्या सर्व देऊं. पुष्कळांस हें उत्तर शब्दच्छल वाटलें. दुसऱ्या कित्येकांस तें पुरेसें वाटलें. पैसे मिळाल्याशीं कारण, नांव घेऊन काय करावयाचें आहे? आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. उत्तर खोटें नव्हतें, संज्ञा खरोखरच नाहीं. परंतु ती नसणें हीच आमच्या मतें मूळ अडचण आहे, आणि ती कशी, हें महसूल खात्यांत तीस वर्षें लेखणी झिजविल्यामुळें आम्हांस थोडेंबहुत सांगतां येईल.

कचेरींत आपत्तीच्या प्रत्येक शब्दामागें पैशाची एक थैली असते व एक तारीख असते. शब्द चुकला कीं थैली चुकते. आमच्या हातून घडलेलीच गोष्ट सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें अर्ज आणला. नातवानें वहीच्या कागदावर लिहून दिलेला, खालीं अंगठा. मजकूर एवढाच कीं, यंदा आमच्याकडे दुष्काळ पडला, पीक गेलें, सरकारनें मदत करावी. पीक गेलें होतें यांत शंका नव्हती. पण तें गेलें होतें गारपिटीनें. तालुक्यास त्या वर्षीं दुष्काळ जाहीर नव्हता. गारपिटीच्या पंचनाम्यांचें काम मात्र आमच्या टेबलापासून चार हातांवर चाललें होतें. आम्हीं अर्जावर शेरा मारला, ‘सदर तालुक्यास दुष्काळ जाहीर नसल्यानें अर्ज निकाली.’ शेरा नियमास धरून होता. त्याची आम्हांस आजही लाज वाटते. चार पावलें चालून तो कागद शेजारच्या टेबलावर ठेवावा एवढेंच करावयाचें होतें. म्हाताऱ्यास दुष्काळ म्हणजे वाईट काळ इतकेंच ठाऊक होतें, आणि शब्दाची फोड केली तर त्याचें कांहीं चुकलें नव्हतें.

इंग्रजींत आपत्तीस ‘डिझास्टर’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटांतही ‘वाईट तारा’ असाच अर्थ आहे. आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांनीं शेतीवरील अरिष्टांस ‘ईति’ असें नांव देऊन त्या सहा मोजल्या. त्यांत अतिवृष्टि व अनावृष्टि या शेजारीं शेजारीं बसतात. टोळ, उंदीर, पोपट हे त्यांच्या पंगतीला, आणि सहावी ईति म्हणजे सीमेपाशीं येऊन ठेपलेले राजे. (महसूल खात्यांत पोट भरलेल्या माणसानें या सहाव्या ईतीवर अधिक न बोललेलें बरें.) सांगावयाचें तें हें कीं, पाणी अधिक झालें काय आणि कमी झालें काय, शेतकऱ्याच्या हिशेबीं दोन्ही एकाच खात्यावर पडतात. सरकारच्या हिशेबीं तसें नाहीं, आणि याला इतिहास आहे.

1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनें सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. त्याचा अहवाल 1880 सालीं आला व त्यावरून दुष्काळाच्या संहिता तयार झाल्या. टंचाई कोणती, दुष्काळ कोणता, कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे कामें उघडावीं, हें त्या वेळीं प्रथम पायऱ्या पाडून लिहिलें गेलें. आमचा जिल्हा तेव्हां निझामाच्या राज्यांत होता. तेथील उर्दू दप्तराचा शब्द ‘कहत’. मुंबई इलाख्यांत पीक मोजण्याचें माप आणेवारी हें होतें: सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि चार आण्यांच्या आंत पीक आलें तर त्या वर्षाचा सारा तहकूब. माप साधें दिसतें, पण मोजणारा कोण यावर सर्व अवलंबून. 1918 सालीं गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत महात्मा गांधींनीं जो सत्याग्रह चालविला त्याच्या मुळाशीं हाच वाद होता. रयत म्हणे, पीक चार आण्यांहून कमी आहे. अंमलदार म्हणत, अधिक आहे. 1957 सालीं दशमान नाणीं आलीं आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आजही सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित व डिसेंबरांत अंतिम, असा क्रम चालतो, आणि पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर यावर गांवाचा श्वास अडकून राहतो.

यापुढील गोष्ट आमच्या तरुण वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. महाराष्ट्र राज्यानें 1963 सालीं एक कायदा केला. त्या कायद्याचें कामच हें कीं, राज्याच्या कायद्यांतून इंग्रजी ‘फॅमिन’, म्हणजे अन्नावांचून माणसें मरतात तो दुष्काळ, हा शब्द काढून टाकावा व त्या जागीं टंचाई हा शब्द घालावा. कारण असें दिलें कीं, शेतीच्या परिस्थितीवर सरकारची सतत नजर असते व टंचाईची चिन्हें दिसतांच उपाय होतात, तेव्हां तसा दुष्काळ पडण्यास आतां वाव उरला नाहीं. नऊ वर्षांनीं 1972 सालचें अवर्षण आलें. 1973 च्या मे महिन्यांत राज्यांतील सरकारी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसें खडी फोडीत होतीं, पाझर तलावांची माती वाहत होतीं व कामावर मिळणाऱ्या सुकडीवर पोरें वाढवीत होतीं. दप्तरांत ती टंचाई म्हणून नोंदली गेली. लोकांनीं तिला बहात्तरचा दुष्काळ म्हटलें, आणि आजतागायत तेंच नांव चालतें. न्यायानें बोलावयाचें तर त्या कामांमुळें पूर्वींसारखी उपासमारीची मरगत टळली व पुढें 1977 चा रोजगार हमीचा कायदा त्याच अनुभवांतून निघाला. तेवढें श्रेय दिलेंच पाहिजे. पण शब्द काढल्यानें वस्तु जात नाहीं, हें त्या वर्षानें एकदां दाखवून दिलें.

दुसऱ्यांदां दाखविलें तें 2015-16 सालानें. 2015 च्या ऑक्टोबरांत 50 पैशांहून कमी पैसेवारीच्या 14 हजारांहून अधिक गांवांत सरकारनें जें जाहीर केलें तें होतें ‘दुष्काळसदृश परिस्थिति’. सदृश! वाघासारखा दिसणारा प्राणी अंगावर आला असतां तो वाघ आहे कीं वाघसदृश आहे याचा खल कोणी करीत नाहीं. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. ज्या मांजरा धरणावर लातूर तहान भागवितें तें धरण आमच्या केज तालुक्यांतलें, आणि त्याच्या तळाला भेगा पडलेल्या होत्या. तरी कागदावर सदृश कायम होतें. मुंबई उच्च न्यायालयांत याविषयीं विचारणा झाली, तेव्हां 2016 च्या मे महिन्यांत सरकारनें सांगितलें कीं, जेथें जेथें ‘दुष्काळसदृश’ लिहिलें आहे तेथें तेथें ‘दुष्काळ’ असें वाचावें. एवढें वाचावयास सात महिने लागले, आणि तोंपर्यंत कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलीं माणसें परत येण्याची वेळ झाली होती.

त्याच मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्वराज अभियान या संस्थेच्या अर्जावर निकाल देतांना, राज्यें दुष्काळ जाहीर करण्यास टाळाटाळ करतात याबद्दल कडक शब्द वापरले व केंद्र सरकारास जुनी दुष्काळ संहिता वर्षअखेरीच्या आंत सुधारण्यास सांगितलें. 2016 च्या डिसेंबरांत नवी संहिता निघाली. महाराष्ट्रानें ती पुढील वर्षीं स्वीकारली. तिच्यांत पैसेवारीस पूर्वींचें स्थान राहिलें नाहीं. पाऊस सरासरीच्या किती टक्के, खंड किती आठवड्यांचा, यावरून ‘पहिली कळ’ लागते. मग उपग्रहास दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनींतील ओलावा, धरणांतील व भूगर्भांतील पाणी, पेरणीचें क्षेत्र यांवरून ‘दुसरी कळ’. (आमच्याकडे कळ पोटांत येते किंवा भांडणांत लावतात; सरकारी कळ ही यंत्राची, हें आम्हांस कचेरींतच समजलें.) त्यानंतर शेंकडा दहा गांवें निवडून शेतांत उभें राहून ‘सत्यमापन’, आणि शेवटीं निकाल: दुष्काळ मध्यम कीं गंभीर. या दोन विशेषणांत पुन्हां मोठें अंतर आहे. गंभीर ठरला तर केंद्राच्या आपत्ति निधींतून मदत मागतां येते. मध्यम ठरला तर राज्यानें आपल्यापुरतें भागवावें.

संहितेनें मोजमाप शास्त्रीय झालें, हें आम्ही मान्य करतों. परंतु ‘सदृश’ कांहीं हटला नाहीं. 2023 सालीं 31 ऑक्टोबरास राज्यांतील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत आमच्या जिल्ह्यांतील वडवणी, धारूर व अंबाजोगाई हे तालुके होते. इतर ठिकाणची ओरड झाली, तेव्हां पुढील महिन्यांत राज्यांतील सुमारें हजार महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिति जाहीर करण्यांत आली. त्या मंडळांस जमीनमहसुलांत सूट, पीककर्जाचें पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलांत 33.5 टक्के सूट, मुलांचें परीक्षा शुल्क माफ, अशा सवलती मिळाल्या. हेक्टरी अनुदान मात्र 40 तालुक्यांचें. बांधाच्या अलीकडे दुष्काळ, पलीकडे सदृश; आणि दोन्हीकडची बाजरी एकाच उन्हानें वाळलेली.

आतां ओल्याकडे वळूं. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत बारा आपत्ति आहेत. त्यांत दुष्काळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. अतिवृष्टि त्यांत नाहीं. ती, अवेळी पाऊस, वीज पडणें, हीं राज्यानें आपल्यापुरतीं जोडलेलीं नांवें असून अशा नांवांवर निधीचा शेंकडा दहाच भाग खर्च करतां येतो. अतिवृष्टि म्हणजे मंडळाच्या पर्जन्यमापकांत 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस. जुन्या मापानें अडीच इंचांहून थोडा अधिक. पर्जन्यमापक मंडळाच्या गांवीं, शेत तेथून चार कोसांवर. तेथें 60 भरला तर शेतांत गुडघाभर पाणी असूनही ती अतिवृष्टि होत नाहीं. आमचे लोक जोराच्या कोणत्याही पावसास ढगफुटी म्हणतात. वेधशाळेच्या हिशेबीं तासाभरांत 100 मिलिमीटर पडल्याखेरीज ढग फुटत नाहीं. तेव्हां अर्जांत ढगफुटी लिहिणारा आपलाच अर्ज कच्चा करतो.

65 चा आंकडा गांठला जात नाहीं, पण रोज थोडा थोडा पाऊस पडून काळ्या जमिनींत वाफसा म्हणून येत नाहीं, मुळ्यांस हवा मिळत नाहीं आणि पीक पिवळें पडून जातें, ही तक्रार आपल्या भागांत जुनी. 2023 च्या एप्रिलांत राज्य मंत्रिमंडळानें ‘सततचा पाऊस’ ही आपत्ति म्हणून मान्य केली. सलग पांच दिवस रोज निदान 10 मिलिमीटर, अशी तिची मुख्य अट. हें उदाहरण आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. जो शब्द काल नियमांत नव्हता तो आज आला. व्याख्या बसविली, माप ठरविलें, आला. मग ‘ओला दुष्काळ’ नियमांत नाहीं हें उत्तर कायमचें कसें मानावें?

शब्द येतात तसे जातातही. पीक विम्याच्या योजनेंत ‘स्थानिक आपत्ति’ अशी एक बाब होती. 72 तासांच्या आंत कळविलें म्हणजे ज्याच्या शेतांत पाणी शिरलें त्याच्या एकट्याच्या नुकसानीची पाहणी होई. 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यानें ती व तशा इतर बाबी काढून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली. आणि त्याच खरिपांत सप्टेंबरचा पाऊस आला.

कोणी विचारील, अतिवृष्टि आहे, पूर आहे, सततचा पाऊस आहे, एवढे शब्द हातीं असतां आणखी एक कशाला? 2025 च्या 7 ऑक्टोबरास सरकारनें 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केलीच ना? केली, आणि ती लहान नव्हती. पण या तीन शब्दांनीं वर्णन होतें तें एका दिवसाच्या किंवा पांच दिवसांच्या घटनेचें, आणि पंचनामा होतो तो शेताचा. दुष्काळ हा शब्द साऱ्या हंगामाचा व साऱ्या मुलखाचा आहे. तो जाहीर झाला म्हणजे ज्याच्या नांवें गुंठाभरही जमीन नाहीं त्या मजुरास रोजगार हमीचें काम सोप्या अटींवर मिळतें, त्याच्या मुलीचें परीक्षा शुल्क माफ होतें, सोसायटीचें कर्ज पुनर्गठित होतें. ओल्या वर्षीं कापूस वेंचणीची मजुरी बुडाली तर तिचा पंचनामा कोणत्या गट क्रमांकावर करावयाचा? 2025 सालीं त्या सवलती दिल्या, त्या सरकारच्या मर्जीनें दिल्या. पुढच्या वेळीं पूर एकाच जिल्ह्यांत आला, राज्यभर बोभाटा झाला नाहीं, निवडणुकाही जवळ नसल्या, तर? मर्जीवर मिळालेल्या वस्तूसाठीं दर वेळीं नव्यानें हात पसरावा लागतो. कोरड्या दुष्काळास निदान ऑक्टोबरअखेरची तारीख आहे. ओल्यास तारीखच नाहीं.

आणि माप नाहीं असेंही नाहीं. संहितेंत जमिनींतील ओलावा मोजण्याची तरतूद आहे. तो किती उतरला म्हणजे दुष्काळ, याचें कोष्टक आहे. तो किती दिवस प्रमाणाबाहेर चढलेला राहिला म्हणजे दुष्काळ, याचें नाहीं. उपग्रह तोच, यंत्रें तींच, मोजणारीं माणसें तींच. कोष्टकाला दुसरी बाजू लिहावयाची एवढेंच काम आहे, आणि तें कृषि विद्यापीठांच्या विद्वानांस अवघड नाहीं.

तें होईपर्यंत शेतकऱ्यानें काय करावें? आमचा सल्ला असा कीं, घरांत दुष्काळ म्हणावें, सभेंत ओला दुष्काळ म्हणावें, पण अर्जांत सरकारचा शब्द लिहावा. ‘आमचें वाटोळें झालें’ हें खरें असलें तरी वाटोळ्यास लेखाशीर्ष नाहीं. कोणत्या तारखेस, कोणत्या मंडळांत, कोणत्या गट क्रमांकांत, किती क्षेत्रांतील कोणतें पीक, आणि कशानें गेलें तें लिहावें. पीकपाहणींत कपाशी लागली असून अर्जांत सोयाबीन लिहिलें तर दोन्ही जातात. विशेषतः जमिनीच्या नुकसानीविषयीं फार जपून लिहावें, कारण ‘गाळ आला’ आणि ‘जमीन खरवडून गेली’ या दोन वेगळ्या बाबी आहेत व त्यांचे दर वेगळे आहेत. गाळाचा थर तीन इंचांहून अधिक असेल तरच तो काढण्यास मदत आहे. एका गांवच्या पंचनाम्यांत आम्हीं ‘गाळ साचला आहे’ एवढेंच वाचलें. किती साचला तें कोणी मोजलें नव्हतें, आणि सही करणाऱ्या पंचांनींही विचारलें नाहीं. गाळ हातभर होता. मदत आली नाहीं. पट्टी घेऊन फोटो काढावयास पांच मिनिटें लागलीं असतीं. खरवडून गेलेल्या जमिनीस 2025 च्या मदतींत हेक्टरी 47 हजार रुपये रोख व रोजगार हमींतून तीन लाखांपर्यंत असा दर होता. ज्यांच्या पंचनाम्यांत नुसतें ‘शेतांत पाणी शिरलें’ असें आलें त्यांस तो लागला नाहीं. म्हणून पंचनाम्यावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं तो मोठ्यानें वाचून घ्यावा. तलाठी रागावला तर रागावूं द्यावा. तो राग दोन दिवसांत जातो.

राहतां राहिला संहितेचा प्रश्न. आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें असा ठराव यावा, असें आम्ही सुचवितों कीं, दुष्काळ व्यवस्थापन संहितेंत ‘ओला दुष्काळ’ ही संज्ञा व्याख्येसह घालावी, तिला जाहीर करण्याची तारीख असावी, आणि ‘सदृश’ हा शब्द शासननिर्णयांतून कायमचा रजा घेऊन जावा. ठराव जिल्हाधिकारी, कृषि आयुक्त व केंद्रीय कृषि मंत्रालय या तिघांकडे पाठवावा, पोंच घ्यावी, आणि पोंचेचा क्रमांक याच मासिकांत छापावा. मसुदा लिहून देण्यास आम्ही तयार आहों. मार्जिन सोडून लिहिण्याची संवय अजून सुटलेली नाहीं.